पहिला रेंजफाइंडर घेताय? आधी रिंग फिरवा, बाकीचं मग

घरात फिरकीचा पितळी तांब्या असेल तर आधी तो खाली काढा. आपल्या सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादा सापडतोच. त्याचं झाकण अगदी सावकाश फिरवून बघा. तांब्या चांगला असेल तर झाकण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच ओढीनं फिरतं, मधे कुठं अडत नाही, कुठं एकदम मोकळं होत नाही, हलवलं तर खुळखुळत नाही आणि बसलं की हाताला कळतं, बसलं. आता तोच तांब्या कधीतरी पडलेला असेल, तोंडाला जरासा पोचा असेल, तर अर्धी फेरी बरी आणि अर्धी फेरी जड. तो पोचा डोळ्याला दिसेलच असं नाही, पण बोटाला लगेच कळतो.

रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतली चित्रं जुळवून फोकस करायचा कॅमेरा, त्याच्या लेन्सवरच्या फोकसच्या रिंगचं आतलं काम हेच आहे. आट्यांत आटे, मधे ग्रीसचा पातळ थर आणि वर तुमचं बोट. मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर असतो, आटे पाडणं, बुश बसवणं, प्ले म्हणजे दोन भागांतला ढिलेपणा काढणं हेच दिवसभर चालतं आणि रविवारी फिल्म कॅमेरे. त्यामुळं ओळखीतली पोरं विचारतात, दादा पहिला रेंजफाइंडर कुठला घेऊ, आणि सोबत फोटो पाठवतात, वरचं क्रोम कसं चमकतंय, चामडं कसं नवंकोरं आहे. मी सगळ्यांना एकच सांगतो, चमक राहू दे, रिंग कशी फिरते ते सांग. कारण रिंग चांगली असली की तुम्ही तो कॅमेरा रोज उचलणार, आणि रिंग वाईट असली की कितीही नावाजलेला असू दे, तो दोन महिन्यांत कपाटात जाणार. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता नीट लिहूनच काढतोय.

आधी हे यंत्र चालतं कसं ते समजून घ्या

एसएलआरमधे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, तुम्ही लेन्समधूनच बघता. रेंजफाइंडरमधे तसं नसतं. पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात, मोठीतून आपण बघतो आणि लहानीतून येणारं दुसरं चित्र आतल्या आरशानं किंवा प्रिझमनं वळवून मधोमध एका उजळ ठिपक्यात टाकलेलं असतं, त्याला पॅच म्हणतात. रिंग फिरवली की लेन्स पुढंमागं होते, लेन्सच्या मागचा कॅम, म्हणजे उताराची कड, बॉडीतल्या एका दांडीला ढकलतो, दांडी हलली की पॅचमधलं चित्र आडवं सरकतं आणि दोन्ही चित्रं एकावर एक बसली की फोकस झाला. बस, एवढंच.

पण ह्यात हालचाल किती बारीक आहे बघा. ५० मिलिमीटरची लेन्स अनंतापासून, म्हणजे अगदी लांबच्या फोकसपासून, १ मीटरपर्यंत यायला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर पुढं येते. सगळं जग त्या पावणेतीन मिलिमीटरमधे. आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ २ इतकं मोठं उघडलं तर १ मीटरवर धारदार भाग मिळतो साधारण साडेचार सेंटीमीटर, म्हणजे माणसाचा डोळा बरोबर आला तर कान गेला. आता सांगा, आट्यांत थोडा जरी प्ले असला तर काय होईल? म्हणून फोकसचा फील ही काही शौकीन लोकांची नखरेबाजी नाही, फोटो लागणार की हुकणार हे त्याच्यावरच ठरतं.

दुसरी गोष्ट, त्या दोन खिडक्यांमधलं अंतर. त्याला बेस म्हणतात. जितका बेस मोठा तितका रेंजफाइंडर अचूक, आणि त्याला व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे बघायच्या खिडकीच्या, मोठेपणानं गुणायचं, मोठेपणा म्हणजे तिच्यातून वस्तू कितपट दिसते ते. १९५४ च्या लायका एम ३ मधे बेस साधारण ६८ मिलिमीटर आणि मोठेपणा ०.९१, म्हणजे कामाला येतात बासष्टच्या आसपास. २००० ला आलेल्या व्होइग्टलेंडर बेसा आरमधे बेस ३७ आणि मोठेपणा ०.७ च्या आसपास, म्हणजे पंचवीसेक. बेसावर ३५ आणि ५० ची लेन्स मजेत चालते, पण ९० ची लेन्स पूर्ण उघडी ठेवून चेहरे काढायचे म्हटलं की जीव टांगणीला लागतो. हे आधी माहीत असलं की नंतर लेन्सला शिव्या घालायची वेळ येत नाही.

हाताशी काय येतं

आपल्याकडं घराघरात होता तो आग्फा क्लिक थ्री, त्याला फोकसच नव्हता, दाबलं की झालं. त्यामुळं बऱ्याच जणांना फोकस करायचा जुना कॅमेरा पहिल्यांदाच हातात येतो. नवख्या माणसाला तीन प्रकार भेटतात.

एक, न निघणाऱ्या लेन्सचे जपानी. याशिका इलेक्ट्रो ३५, १९६६ पासूनचा, ४५ ची एफ १.७ लेन्स, पाऊण किलोच्या आसपास वजन. कॅननेट क्यूएल १७ जी थ्री, १९७२ चा, ४० ची एफ १.७, हा लहान आणि चपळ. सुरुवातीला हेच घ्या असं माझं मत, कारण लेन्स आणि बॉडी जन्मापासून एकत्र आहेत, कॅम जुळतो की नाही ही डोकेदुखी नाही. याशिकाला एक ठरलेला आजार आहे, आतला रबराचा एक छोटा पॅड वयानं झिजून चुरा होतो आणि मग एक्स्पोजरचं गणित बिघडतं, म्हणून फिल्म पुढं ओढताना आतून खट्ट असा आवाज येतो का ते ऐकायचं. आवाज येत नसेल तर पॅड गेला समजा. सेल नसला तरी त्याचं शटर उडतं पण फक्त १/५०० वर, तेव्हा विकणारा नुसतं उडवून दाखवत असेल तर सेल घालून दाखवा म्हणा.

दोन, सोव्हिएत. फेड, झोर्की, कीव्ह. फेड १९३४ पासून खारकीव्हला बनायला लागले, लायकाची नक्कल म्हणून. कीव्ह हा युद्धानंतर जर्मनीतून नेलेल्या कॉन्टॅक्सच्या यंत्रसामग्रीवर बनलेला, त्याचा बेस तब्बल ९० मिलिमीटर. पण त्याची लहान खिडकी अशा जागी आहे की उजव्या हाताची बोटं हमखास आडवी येतात आणि पॅच गायब होतो, नवीन माणूस म्हणतो पॅच गेला. बोट काढून बघा आधी. फेड २ चा बेस ६७, झोर्की ४ चा ३८. ह्यांच्यात नशिबाचा भाग मोठा आहे, एक झोर्की रेशमासारखा आणि शेजारचा दगडासारखा.

तीन, लायका एम आणि तिच्या माउंटवर, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडावर, चालणारे बाकीचे. पैसा असेल तर काय बोलायचं, पण पहिलाच कॅमेरा म्हणून कर्ज काढून घेऊ नका. आधी बोट तयार होऊ द्या.

रिंग तपासायची कशी

आता मुख्य काम. कॅमेरा हातात आला की डोळ्याला लावू नका. मांडीवर घ्या, नजर दुसरीकडं करा आणि रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या, पाच सेकंद लागले पाहिजेत. मग परत आणा. दोन-तीन वेळा करा. बोटाला काय काय कळतं ते सांगतो.

सगळीकडं सारखा जडपणा असेल तर ग्रीस जुनं झालंय पण आटे ठीक आहेत, हा आजार बरा होणारा आहे. चक्का फेटायला घेतल्यावर सुरुवातीला हाताला ओढ लागते ना, तशी एकसारखी ओढ. थोडी ओढ तर हवीच, ती नसली की रिंग शर्टाला घासून पण सरकते.

एकाच जागी जड आणि बाकी हलकी असेल तर सोडून द्या. तो तांब्याचा पोचा. लेन्स कधीतरी पडलीय, कडा अंडाकृती झाल्यात, हे ग्रीसनं जात नाही.

खरखर, करकर जाणवली तर आत धूळ किंवा वाळू आहे. सांगलीत तर हळदीचा पण विचार करा. मार्केट यार्डात सिझनला सौदे चालू असताना हवेतच पिवळी पूड असते आणि ती कुठंही शिरते, मी स्वतः एका लेन्सच्या रिंगखालून पिवळी रेघ पुसून काढलीय. तिथं फोटो काढायला जरूर जा, पण लेन्स तिथं बदलू नका.

आणि एक प्रकार जो कागदावर सांगायला अवघड आहे, तो म्हणजे झटका. रिंग आधी हलत नाही, मग जोर दिला की एकदम हवी त्यापेक्षा पुढं जाते. हा मला नीट समजावला तो मिरजेतल्या एका सतारमेकर चाचांनी. मिरजेत ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत, शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातनं ही कला वाढली, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. तर चाचा तंबोरा लावत बसले होते, मी शेजारी बसून माझी ज्युपिटर ८ ही सोव्हिएत लेन्स फिरवत होतो, त्यांनी हात पुढं केला, कॅमेरा घेतला, न बघता रिंग दोनदा फिरवली आणि परत दिला. म्हणाले, "बाळ, तुझी खुंटी कोरडी झालीय." मग तंबोऱ्याची एक खुंटी काढून दाखवली, तिच्या अंगाला खडू लावलेला. "सैल असली तर सूर उतरतो. कोरडी घट्ट असली तर सुरावर थांबत नाही, उडी मारते. खुंटी अशी पाहिजे की मी थांबलो की ती थांबली." मी वीस वर्षं लेथवर आहे, पण फोकसच्या रिंगची ह्याच्यापेक्षा नेमकी व्याख्या मला सापडली नाही. मी थांबलो की ती थांबली पाहिजे. तुम्ही रिंग तपासताना हेच वाक्य डोक्यात ठेवा.

आता प्ले. रिंग अनंताच्या बाजूनं ३ मीटरवर आणा, पॅच जुळवा. मग अगदी किंचित उलट फिरवा आणि पॅचमधे बघा, चित्र लगेच सरकायला लागलं का? रिंग फिरते पण चित्र हलत नाही असा मोकळा टप्पा असेल तर तो बॅकलॅश. केसभर चालतो, पण बोटाला स्पष्ट कळण्याइतका असेल तर जवळचे फोटो हुकणार. नंतर लेन्सचं नळकांडं दोन बोटांत धरून वर-खाली हलवा, खुळखुळ नको.

स्क्रूच्या माउंटला, म्हणजे फेड-झोर्की आणि जुन्या लायकाला, अजून एक गंमत होते. रिंग फार जड असली की फोकस व्हायच्या ऐवजी अख्खी लेन्सच बॉडीतनं सुटायला लागते. नवखा माणूस खूश, मस्त फिरतेय म्हणून. अंतराचे आकडे सरकतायत का बघा.

आणि जोर लावायच्या आधी अनंताचा लॉक बघा. बऱ्याच जुन्या लेन्सना ∞ वर एक खटका असतो, छोटं बटन दाबल्याशिवाय रिंग सुटतच नाही. कीव्हच्या चाकालाही आहे. जॅम आहे म्हणून पक्कड लावलेल्या लेन्स मी बघितल्यात, दात उमटलेल्या, वाईट वाटतं बघून.

टप्पा किती हे पण बघा. कुठल्या लेन्सला टोकापासून टोकापर्यंत पाव फेरी पुरते, कुठलीला जवळजवळ अर्धी. छोटा टप्पा रस्त्यावर पटापट कामाला बरा, मोठा टप्पा चेहऱ्यांना बरा, कारण तेवढ्याच पावणेतीन मिलिमीटरला जास्त जागा मिळते. ह्यात चांगलं-वाईट नाही, तुम्हाला काय काढायचंय त्यावर आहे. टॅब असेल, म्हणजे बोट अडकवायची पाकळी, तर मला जास्त आवडतं, पण हे माझं.

पॅच तपासणे

पॅच धूसर दिसला की आधी डायऑप्टर बघा. झोर्की ४ ला रिवाइंडच्या नॉबखाली एक छोटी दांडी आहे, ती हलवली की नजरेचा नंबर जुळतो. अर्धे "खराब" झोर्की तिथंच बरे होतात. चष्मा असेल तर ह्या सोव्हिएत आयपीसची धातूची कड काचेला ओरखडे पाडते, रबराची बारीक रिंग चिकटवून घ्या.

मग दिवसा गच्चीवर जा आणि साखर कारखान्याची चिमणी शोधा. आपल्याकडं चिमणी दिसत नाही अशी गच्ची विरळा. किलोमीटरभर तरी लांब असावी. उभी, सरळ कडेची, मागं मोकळं आभाळ, ह्यापेक्षा चांगलं निशाण नाही, कारण पॅच आडवा सरकतो त्यामुळं त्याला उभ्या रेघा लागतात. रिंग अनंताला टेकवा. चिमणी एकच दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर अनंत हललाय. रात्री मोबाईल टॉवरचा लाल दिवा घ्या, तो ठिपका असल्यामुळं वर-खाली फरक पण कळतो. लाल ठिपका एकावर एक न बसता एक वर एक खाली दिसला तर उभी बाजू बिघडलीय. चांदण्या रात्री चंद्र आहेच, त्याच्याइतका पक्का अनंत कुणाकडं नाही.

हे झालं लांबचं. जवळचं वेगळं तपासायचं, कारण अनंत बरोबर आणि १ मीटर चूक असं सर्रास असतं. टेप लावा, फिल्म जिथं असते तिथपासून, म्हणजे बॉडीच्या मागच्या बाजूकडून, भिंतीवरच्या उभ्या रेघेपर्यंत बरोबर १ मीटर. पॅच जुळवा आणि रिंगवरचा आकडा वाचा.

पॅच फारच फिका असेल तर एक उपाय. मोठ्या खिडकीच्या बाहेरच्या काचेवर, पॅच येतो त्या जागी काळ्या टेपचा बारीक चौकोन लावा. मोठ्या खिडकीचं चित्र तेवढ्या जागी अंधारतं आणि पॅच उठून दिसतो. पण आत उघडून अर्धपारदर्शक आरसा कापसानं पुसायला जाऊ नका. त्याच्यावरचा थर जुना असतो, एका फटक्यात निघून येतो आणि मग पॅच कायमचा जातो.

बांधणी, म्हणजे नुसतं वजन नव्हे

लोक कॅमेरा हातात तोलून म्हणतात, दणकट आहे. वजन म्हणजे दणकटपणा असं काही नाही. एम ३ चं वरचं झाकण पितळेचं, पण १९८४ च्या एम ६ चं झिंकच्या ओतकामाचं आणि त्याच्या रंगाखाली कधी कधी बारीक फोड येतात. बेसा आरचं वरचं झाकण तर प्लॅस्टिकचं, हातात घेतला की जरा पोकळ वाटतो, पण काम चोख करतो. लेन्समधे मात्र धातूची जोडी महत्त्वाची. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं आणि ग्रीस संपलं की ते एकमेकांना धरतं, आम्ही लेथवर रोज बघतो. ॲल्युमिनियमच्या आत पितळ असलं की वर्षानुवर्षं गोड फिरतं. जुन्या चांगल्या लेन्स हातात जड का लागतात त्याचं एक कारण हे पितळ.

बॉडीवर काय बघाल? स्क्रूची तोंडं. घासलेली, दात गेलेली असतील तर कुणीतरी आत जाऊन आलाय. वरच्या झाकणाचे कोपरे, विशेषतः लहान खिडकीच्या बाजूचा, तिथं पोचा असेल तर रेंजफाइंडर हललेला असणारच. माउंटच्या कडेला बोट फिरवा. फिल्म ओढायचा खटका सावकाश ओढा, शेवटपर्यंत एकसारखा जायला हवा. झोर्की ४ ला शटरचा वेग नेहमी फिल्म ओढल्यावरच बदलायचा, आधी बदलला तर आतलं बिघडू शकतं, विकणारा हे माहीत नसल्यासारखा फिरवत असेल तर तिथंच समजा.

आणि आपल्या भागात घेताय तर पुराचं विचारा. स्पष्ट विचारा. २०१९ च्या ऑगस्टमधे पाणी घराघरात शिरलं, कितीतरी कपाटं दिवस-दिवस पाण्याखाली होती आणि त्यातले कॅमेरे नंतर पुसून विकायला आले. बाहेरून चकाचक. ओळखायचं कसं, तर मागचं झाकण उघडा, फिल्मच्या रुळांच्या कोपऱ्यात आणि स्क्रूच्या भोवती मातकट बारीक थर दिसतो, स्टीलच्या स्प्रिंगला गंज आणि चामड्याची कड उचलली तर कुबट वास. तसा कॅमेरा फुकट मिळाला तरी शोकेसला ठेवा, वापरायला नको.

लेन्समधे मोबाईलचा टॉर्च मागून मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, दूध सांडल्यासारखं दिसलं तर हेझ. बारीक धूळ असतेच, तिचं टेन्शन घेऊ नका. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चकाकतंय का तेवढं बघा.

रोल न घालता फोकस तपासा

ही माझी आवडती युक्ती आणि ह्यानं खूप पैसे वाचतात, कारण रोल महाग, धुवायला पुण्या-मुंबईला कुरिअर, आणि आठ-पंधरा दिवसांनी कळणार की सगळं हललंय. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, फेड २, झोर्की ४ आणि कीव्हचं तर पूर्ण निघतं. फिल्म जिथं टेकते त्या आतल्या दोन रुळांवर दुधी रंगाचा मॅट टेप ताणून चिकटवा, झोळ पडता कामा नये. शटर बी वर ठेवा, म्हणजे बटन दाबून धरेपर्यंत ते उघडं राहतं, केबल रिलीजनं (बटनाला लावायच्या दाबतारेनं) उघडं धरा, ॲपर्चर पूर्ण उघडा. अंधाऱ्या खोलीत १ मीटरवर पेटता बल्ब किंवा खिडकीचा गज घ्या, पॅचनं फोकस करा आणि टेपवर उमटलेलं उलटं चित्र भिंगातून बघा. पॅच म्हणतो तिथंच चित्र धारदार आहे का? रिंग जराशी इकडं-तिकडं करून अजून धारदार होत असेल तर किती आणि कुठल्या बाजूला ते टिपून ठेवा. मग ३ मीटरवर, मग गच्चीवरून चिमणीवर.

अनंताला बरोबर आणि जवळ चूक, तर लेन्स आणि बॉडीचं जुळत नाही. सोव्हिएत लेन्स लायकावर लावली की जवळच्या अंतराला, ॲपर्चर पूर्ण उघडं असताना असं होतं कधी कधी. स्क्रूची लेन्स लायका एमवर लावायला मधे १ मिलिमीटर जाडीची रिंग लागते, कारण एका माउंटचं फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ आणि दुसऱ्याचं २७.८. ती रिंग स्वस्तातली असली आणि जाडी जराशी चुकली तरी सगळा हिशोब बिघडतो. मी अशा दोन रिंगा वर्कशॉपमधे मायक्रोमीटरनं मोजल्या, एक बरोबर होती, दुसरी एका बाजूला जाड एका बाजूला पातळ.

ग्रीस बदलायचं का

शक्यतो स्वतः नको. कारण माझं सांगतो. सुरुवातीला एक इंडस्टार ६१ लेन्स घेतली होती, फार जड. आट्यांचंच काम, रोजचं आहे म्हणून उघडली. हे आटे मल्टीस्टार्ट असतात, म्हणजे पाच-सहा ठिकाणांहून एकमेकांत जाऊ शकतात पण बरोबर जागा एकच, म्हणून सुटतात त्या क्षणी सुईनं दोन्हीकडं खूण करायची. ते मी केलं. चूक दुसरीकडं झाली, मी वर्कशॉपमधलं बेअरिंगचं ग्रीस भरलं. जानेवारीत लेन्स लोण्यासारखी फिरत होती. मे महिन्यात गाडीत राहिली, आणि सांगलीचा मे तुम्हाला माहितेय, ग्रीस पातळ होऊन पात्यांवर आलं, पाती चिकटली आणि काचेच्या आतून तेलाचा धूर बसल्यासारखं झालं. शेवटी जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी लागली. लेन्ससाठीचं हेलिकॉइड, म्हणजे फोकसच्या आट्यांचं, ग्रीस वेगळं येतं, उन्हात वाहत नाही, आणि ते पण अगदी कमी लावायचं.

बोट तयार करणे

कॅमेरा चांगला निघाला. आता महिनाभर रोज दहा मिनिटं, रोल न घालता. ठरवा की रिंग वापरून झाली की ती परत अनंताला न्यायचीच. म्हणजे प्रत्येक वेळी सुरुवात एकाच जागेवरून, आणि किती फिरवलं की २ मीटर, किती की ३ मीटर हे बोटाला पाठ होतं. टॅब असेल तर तो सरळ खाली आला की अंतर किती ते बघून ठेवा, प्रत्येक लेन्सचं वेगळं असतं. बोलणाऱ्या माणसाचा अंदाज घ्या, हा दीड मीटर, आधी रिंग तिथं नेऊन ठेवा, मगच कॅमेरा डोळ्याला लावा, पॅच फक्त पक्कं करायला. असं जमायला लागलं की वेग येतो.

आयर्विन पुलाखाली घाटावर उभं राहून सराव छान होतो, १९२९ चा दगडी पूल, कमानीच्या उभ्या कडा एकामागं एक वेगवेगळ्या अंतरावर. भर उन्हात ३५ ची लेन्स असेल तर एफ ८ आणि ५ मीटर लावून ठेवा, अडीच मीटरपासून पुढचं सगळं चालण्यासारखं येतं, पॅचकडं बघायची पण गरज नाही.

आणि उलट टोकाचा सराव पाहिजे तर कमी उजेडात उभ्या रेघा शोधा. चाचांच्याच कारखान्यात, दारातनं येणारा तेवढा उजेड, तंबोरा उभा, मी १ मीटरवर. पॅचमधे चार तारांच्या आठ तारा दिसत होत्या. रिंग हलवली, आठच्या सहा झाल्या, मग जाड उजळ चार, मग अचानक एकेक तार बारीक आणि काळी झाली, आणि त्याच वेळी चाचांनी छेडली तर पॅचमधली तार थरथरून धूसर झाली आणि शांत झाल्यावर परत बारीक. श्वास धरून दाबलं. तो फोटो लागला. सतारीचे पडदे आडवे असतात, त्यांच्यावर फोकस करायचा झाला तर कॅमेरा उभा धरायचा, नाहीतर पॅच काहीच सांगत नाही.

सांभाळणे

कापडी शटरच्या कॅमेऱ्याचं, म्हणजे फेड-झोर्की आणि जुन्या लायकाचं, एक लक्षात ठेवा. ह्यांच्यात मधे आरसा नाही. झाकण न लावता लेन्स सूर्याकडं तोंड करून ठेवली तर भिंगानं कागद जाळावा तसं शटरच्या कापडाला भोक पडतं. टू-व्हीलरवर गळ्यात अडकवून फिरताना कॅप लावाच. जून ते सप्टेंबर चामड्याच्या केसमधे ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून रिंग टोकापासून टोकापर्यंत, शटर सगळ्या वेगांवर.

पहिला रोल घालाल तेव्हा पहिले चार फ्रेम परीक्षेला द्या. टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या ओळीत, एकीच्या मागं एक तीन-तीन सेंटीमीटरवर. १ मीटर अंतर, ॲपर्चर पूर्ण उघडं, मधल्या काडेपेटीच्या उभ्या कडेवर फोकस. एक फ्रेम अनंताकडून रिंग आणून, एक जवळच्या बाजूनं आणून, मग तेच दोन एफ ४ वर. वहीत लिहून ठेवा. रोल धुऊन आला की भिंगातून बघा कुठली काडेपेटी धारदार आली. आणि दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर "फोकस नीट नाही" एवढंच सांगू नका, निगेटिव्ह सोबत न्या आणि कागदावर लिहून द्या: फ्रेम १, १ मीटर, एफ २, फोकस तिसऱ्या पेटीवर, धारदार आली चौथी.